लातीरचं मुसळ

"गिरणीचंय हे." लातीरने तोंडातला घास कुंपणाकडे थुंकला.

दिबोरने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, अख्खं गाव हेच खातंय. मेलं का कुणी?"

"गावाला जीभ नाही. डिझेलचा वास मारतोय नुसता."

"डिझेल इंजिनात घालतात, पिठात नाही!"

"शहाणपण शिकवू नकोस. उद्या कांडून कर."

दिबोर दात-ओठ खात उठली. या माणसाला मोबाइल चालायचा, बायकोने डाकार शहरातून पाठवलेली बॅटरी चालायची, चिनी चपला तर चालायच्याच. चालत नव्हती ती फक्त गावातल्या बायकांनी खटपट करून आणलेली गिरणी. भुईमूग सलग दोन वर्षं बुडाला तेव्हा आई डाकारला लोकांच्या घरी राबायला गेली आणि मुसळ पंधरा वर्षांच्या दिबोरच्या हाती आलं. कोंबडं आरवायच्या आधी उठून बाजरी कांडायची, पाखडायची, चाळायची, मग शेजारच्या गावच्या शाळेत पायपीट. वर्गात तिचा डोळा लागायचा, आणि मुलं हसायची.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती दप्तर घेऊन निघाली, तर लातीरने हटकलं, "संध्याकाळचं कांडलंस का?"

"नाही कांडलं! एवढी जीभ आहे ना, मग तुम्हीच कांडा!"

कुंपणापलीकडे विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. सेरेर जमातीच्या त्या गावात बापाला असं कुणी बोलत नसे, आणि पुरुषाला मुसळ धरायला तर कुणीच सांगत नसे. लातीर टोपी घालून शेताकडे गेला. दिबोरने धास्तावल्या मनानेच पेपर लिहिला. रात्री मार बसेल असं तिला वाटलं होतं. पण तो न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आवाजाने जाग आली. अंगणात लातीर कांडत होता. सदरा कमरेला गुंडाळलेला, निम्मी बाजरी उखळाबाहेर, कोंबड्यांची चंगळ.

शेजारची न्देला काकू कुंपणावरून ओरडत होती, "अगं या गं बायांनो! लातीरची बाई झाली!"

त्याने मान वर केली नाही.

"द्या इकडे," दिबोर शरमून म्हणाली.

"पेपर आहे ना तुझा? मग जा की."

"बाबा, गिरणी आहे हो! घटकाभराचं काम!"

"गिरणीचं मी खाणार नाही," तो धापा टाकत म्हणाला, "आणि तू कांडायचं नाहीस. झालं?"

या माणसापुढे डोकं आपटावं की त्याच्या गळ्यात पडावं, तिला कळेना. तिने चिडूनच त्याचे दोन्ही हात मुसळावर खाली सरकवले.

"इतकं वर नाही धरायचं. मधे धरा. आणि उचलून सोडून द्या, दाबू नका."

ती वाटेला लागली. न्देला काकूचं हसणं बरंच लांबपर्यंत ऐकू येत होतं. मग ते थांबलं. ठोके तेवढे येत राहिले, एक लवकर, एक उशिरा.