मार्तंडरावांचा जुना लेथ

भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या मार्तंडरावांनी पळीपंचपात्राऐवजी लोखंड कातायचा लेथ धरला, आणि प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात टर्नर म्हणून एकतीस वर्षं काढली. आता सत्तरी उलटल्यावर नवं खूळ डोक्यात: हातभर लांबीचं, खरोखर वाफेवर चालणारं रेल्वे इंजिन बनवायचं!

खूळ तरी कसं म्हणावं? बायकोचे, इंदूताईंचे वडील त्याच कारखान्यात ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीचे ड्रायव्हर. ते इंजिन केव्हाच भंगारात गेलं, वडीलही गेले. तरी इंदूताई वर्षातून एकदा म्हणायच्याच, "अहो, ते पुन्हा एकदा धावताना दिसलं असतं तर!" यंदा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मार्तंडरावांनी खाटेशी बसून शब्द दिला, दिवाळीच्या आत धावेल.

म्हणून लेथ निवडायला दोघं नगरला, नबीलालच्या जुन्या मशिनरीच्या गोदामात आले. नबीलाल कारखान्यात मार्तंडरावांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं टेबलावर मावेल असा नवा लहान लेथ दाखवला. पण मार्तंडराव बघतायत कुठे! कोपऱ्यात त्यांचाच लेथ उभा होता, कारखान्याच्या लिलावातून आलेला. त्याच्या हँडलचा हिरवा रंग त्यांच्याच तळव्यानं घासून गेला होता.

"इंदू, हाच घ्यायचा! अगं, दसऱ्याला झेंडूचा हार घालून आख्खी शिफ्ट याच्यापुढे पेढे खायची." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

नबीलालनं लांब सळई चढवली. मार्तंडरावांनी कट घेतला तो थेट सळईच्या पार टोकाला. मायक्रोमीटर लावला, माप चोख.

"बघ, अजून जवान आहे!"

नबीलाल ओशाळला. "उस्ताद, चकाजवळ घ्या की कट. सळई धरलीय तिथं."

मार्तंडरावांची लबाडी पकडली गेली होती, आणि तीही चेल्याकडून! इतकी वर्षं पिना आणि बुशी चकाला चिकटूनच कातल्या, तेव्हा हत्यार ज्यावरून सरकतं तो बेड झिजणार तोही नेमका तिथंच. इंजिनाचे बारके भागही तिथंच कातायचे. शेवटी त्यांनी चकाजवळ कट घेतला. माप चुकलं. असल्या लेथवरचा पिस्टन नीट बसायचा नाही, वाफ बाजूनं निसटेल आणि इंजिन जागचं हलणार नाही.

"ही झीज माझीच गं," ते पुटपुटले.

"कळतंय हो मला," इंदूताई म्हणाल्या. "पण मला कपाटात ठेवायचं इंजिन नकोय. धावायला हवं. आणि मी किती दिवाळ्या धरून चालू?"

मार्तंडरावांनी नबीलालला विचारलं, "या जुन्याचं काय करणार?"

"सोमवारी भट्टीला जाईल, उस्ताद."

मार्तंडरावांनी खिशातून रुमाल काढला. बेडावरचा लोखंडाचा कीस झाडला, खाचाखोचा पुसल्या, मग नबीलालची तेलाची बुधली उचलली.

"उस्ताद, भट्टीत जाणाऱ्याला तेल कशाला?"

"शिफ्ट सुटली की मशीन पुसून, तेल लावूनच सोडायचं. कुणी शिकवलं रे तुला?"

नबीलालनं फडकं घेतलं आणि पलीकडची बाजू पुसायला लागला.

बेड लख्ख झाला. मार्तंडरावांनी बाहीनं डोळे टिपले.

"हं, तो लहाना चालू कर," ते म्हणाले, "आणि सळई आखूड धर. कट चकाजवळच घेतो."