फिबाची क्वाशिबा

धम्मशीलाने 'जुबा' नावाच्या दोन ओळी एकत्र केल्या आणि गार झालेल्या चहाचा घोट घेतला.

पडद्यावर पिवळी चौकट आली होती. 'ही एकच व्यक्ती आहे का?' तिने 'होय' दाबलं. चौकट गेली. सकाळपासूनची ही नववी. खिडकीबाहेर लीड्सचं आभाळ भांडी धुतलेल्या पाण्यासारखं होतं, आणि ते तिला चालत होतं.

काम सोपं होतं. कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, नखाएवढं. तिथल्या उसाच्या मळ्यांचे गोरे मालक दर तीन वर्षांनी आपल्या गुलामांची यादी सरकारला देत. नाव, वय, काम, कोण जन्मलं, कोण मेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वह्यांतल्या बायका धम्मशीला संगणकावर चढवत होती. गुरुवारी संकेतस्थळ सगळ्यांना खुलं होणार होतं. सोमवारी तिच्या कराराचा निर्णय होता, आणि कराराला तिचा व्हिसा बांधलेला होता.

ओळ २०१. जुबा. वय अंदाजे तीस. शेतावर.
ओळ २०२. जुबा. वय अंदाजे तीस. शेतावर.
एकत्र केले: धम्मशीला.

"मिसेस डॅनियल आल्यात," स्वागतकक्षातून फोन आला. "अपॉइंटमेंट नाही म्हणतात, पण जातही नाहीत."

व्हर्ना डॅनियल त्याच बेटावर जन्मल्या, आठव्या वर्षी लीड्सला आल्या आणि इथल्याच इस्पितळात परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. संकेतस्थळाचा कच्चा खर्डा ज्या वीस-पंचवीस लोकांना आधी दाखवला होता, त्यांतल्या त्या एक. त्यांनी ओला कोट काढला नाही. खुर्ची ओढली आणि एक छापील कागद टेबलावर ठेवला.

"डार्लिंग, हे तू लिहिलंस?"

कागदावर होतं:

क्वाशिबा. जन्म १८२५. आई: नोंद नाही.

"आमच्या घरात कुणाला काही येत नव्हतं," मिसेस डॅनियल म्हणाल्या. "वाचता नाही, लिहिता नाही. पण एक गोष्ट सात पिढ्या पाठ आहे. फिबाची क्वाशिबा, क्वाशिबाची रोझ, रोझची अडा. माझी आजी वेणी घालताना म्हणायची. चुकलं की कंगवा डोक्यात बसायचा. आणि तू म्हणतेस, नोंद नाही?"

"त्या मळ्यावर फिबा होती," धम्मशीला म्हणाली. आपला आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "पण ती १८१९ मध्ये वारली. त्यामुळे—"

"मी अडतीस वर्षं इस्पितळात काढली. मेलेली बाई सहा वर्षांनी बाळंत झालेली मी तरी बघितली नाही."

"म्हणूनच ती यादी लिहिणाऱ्या लेखनिकाची चूक असणार."

"दाखव मला त्याची चूक."

धम्मशीलाने मूळ पानाचं छायाचित्र उघडलं. १८१७ ची यादी. तिरकं, नेटकं अक्षर.

फिबा. वय वीस. शेतावर.
फिबा. वय एकोणीस. मालकाच्या घरी, धुणं.

एकाच पानावर, एकाखाली एक, दोन ओळी. पुढच्या वहीत मृतांमध्ये शेतावरची फिबा. त्यापुढच्या वहीत धुणं करणारी फिबा जिवंत. त्याहीपुढच्या वहीत जन्मांमध्ये: क्वाशिबा, आई फिबा. लेखनिकाने कुठेही चूक केली नव्हती. त्याच्या दृष्टीने ही मालमत्ता होती, आणि ती त्याने बरोबर मोजली होती. संगणकातल्या नोंदीखालच्या टिपेत मात्र लिहिलं होतं: 'लेखनिकाची चूक. आईचे नाव काढले: धम्मशीला.'

ती टीप लिहिल्याचं तिला आठवेना.

ऑक्टोबरात, कामाच्या पहिल्या आठवड्यात, तिने वहीत टिपून घेतलं होतं: या बेटावर आफ्रिकेतली रीत टिकून होती, मुलीचं नाव वारावरून. सोमवारी जन्मली ती जुबा. शुक्रवारी फिबा. रविवारी क्वाशिबा. एका मळ्यावर पाच-पाच फिबा सापडतील, काम आणि वय बघूनच ठरवणं. तिला तर हे शिकवायचीही गरज नव्हती. आजोळच्या वस्तीत दोन मंगळ्या होत्या, थोरली मंगळी आणि दम्याची मंगळी, आणि शेंबड्या पोरानेही कधी एकीचा निरोप दुसरीला दिला नव्हता.

"मला दहा मिनिटं द्या," ती म्हणाली.

"दे की. मी कुठे जाते?"

व्हरांड्यात जाऊन तिने संजयला फोन लावला. संजय रीडिंगला बसून या प्रकल्पाची संगणकीय बाजू बघायचा. जन्म इथलाच. मराठी आईकडून कानावर पडलेलं, ते तो हट्टाने तिच्यावर चालवायचा.

"बोला ताई! काय मोडली आज?"

"संजय, मी एकत्र केलेल्या नोंदी परत वेगळ्या करता येतात?"

"येतात ना. किती आहे?"

"तूच बघ."

कळफलकाचा आवाज. शीळ.

"तीनशे तेवीस. ओ माय गॉड, ताई, तुम्ही तर लग्नं लावत सुटल्या." तो हसला, मग थांबला. "थांबा हं. हे गमतीचं आहे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत फक्त अकरा. बाकी सगळा दहा फेब्रुवारीपासून. रोज आठ, दहा, बारा. नऊ तारखेला काय झालं? मी काही अपडेट टाकला होता?"

व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस छत्री झटकत होता. धम्मशीला ते बघत राहिली.

"आई गेली," ती म्हणाली.

"कुठे?" संजय म्हणाला, आणि लगेच, "ओह. ओह, ताई. तुमचा आई?"

"हो."

"पण दहा तारखेला तर तुम्ही मीटिंगमध्ये होता."

"होते. कॅमेरासुद्धा चालू होता."

नऊ तारखेला वीरने, तिच्या भावाने, नांदेडहून फोन उभा धरला होता. भिक्खूंनी त्रिशरण म्हटलं, तिने इथे स्वयंपाकघरात हात जोडले. मग तिकडे फोनची बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी नऊची मीटिंग होती, ती नऊला हजर होती. कोणी विचारलं नाही, कारण तिने सांगितलं नव्हतं. रडू येईल म्हणून ती वाट बघत होती. त्याऐवजी पिवळ्या चौकटी येत होत्या, आणि प्रत्येकीला 'होय' म्हटलं की एक कमी होत होती.

"ताई, ऐका." संजय हळू बोलत होता. "मी लिहितो, सॉफ्टवेअरची चूक. माझा प्रोग्राम, माझी चूक. मला कोण काय म्हणणार? तुमची सोमवारी ते करार आहे."

"आणि लेखनिकाची चूक म्हणून मी जे लिहिलंय?"

"ते पण सॉफ्टवेअर."

"सॉफ्टवेअर असं लिहीत नाही रे."

तिकडे कळफलक पुन्हा वाजू लागला.

"तू फक्त नोंदींवरचं कुलूप काढ," ती म्हणाली. "बाईंना मी कळवते. गुरुवार पुढे ढकलावा लागेल."

प्रकल्पप्रमुख बाईंना तिने उभ्याउभ्याच चार ओळींचं पत्र पाठवलं. काय झालं, कुणी केलं, कधीपासून. आईबद्दलची ओळ तिने लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. ती सबबीसारखी दिसत होती. तरी राहू दिली.

ती परतली तेव्हा मिसेस डॅनियल यांनी कोट काढून खुर्चीला लावला होता.

"चूक लेखनिकाची नव्हती," धम्मशीला म्हणाली. "माझी होती. फिबा दोन होत्या. मी त्यांना एक केलं आणि मारून टाकलं."

मिसेस डॅनियल यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, तापाचा कागद वाचावा तसं.

"आणखी किती?"

"तीनशेवर. सगळ्या चुकीच्या नसतील. पण सगळ्या बघाव्या लागतील."

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आज तरी नाही. माझी आधी कर."

संजयने कुलूप काढलं होतं. धम्मशीलाने नोंद उघडली आणि तोडली. एका ओळीच्या दोन झाल्या. कारणाच्या चौकटीत तिने लिहिलं: 'माझी चूक.' मग क्वाशिबाच्या ओळीत आईचं नाव घातलं.

फिबा. वय एकोणीस. मालकाच्या घरी, धुणं. मूल: क्वाशिबा, १८२५.

मिसेस डॅनियल यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याजवळ नेलं आणि ओठांतल्या ओठांत वाचलं. हसल्या नाहीत. "धुणं," म्हणाल्या. "हे आम्हाला माहीत नव्हतं."

"याची प्रत देते तुम्हाला."

"दे." पण त्या उठल्या नाहीत. बोट वरच्या ओळीवर गेलं. "आता हिचं."

"ती तुमची नाही, मिसेस डॅनियल. ती शेतावरची. बावीसची असताना गेली. मूलबाळ नव्हतं."

"दिसतंय मला. मग हिला शोधत कोण येणार आहे?"

धम्मशीलाने वरची ओळ उघडली.

मिसेस डॅनियल यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."