दुरुस्ती सोडून बाकी सगळं

माणसाची लायकी त्याच्या बॅगेच्या हँडलवरून ओळखावी असं ताईचं मत होतं, आणि त्या हिशेबाने जगात लायकीची माणसं फारच थोडी होती. कुणी ट्रॉली पायऱ्यांवरून धडाधड आपटत नेतात, कुणी अडकलेली चेन दातांनी ओढतात, कुणी ठासून भरलेल्या सुटकेसवर बूड टेकून बसतात आणि बिजागरी मोडली की दुकानात येऊन म्हणतात, "आपोआप तुटलं हो." आपोआप! ताई त्यावर चष्म्याच्या वरून नुसती बघायची, आणि त्या बघण्यानेच भल्याभल्यांची बोबडी वळायची.

दुकान तिच्या बाबांनी काढलेलं. एक काऊंटर, एक शिलाई मशीन, मागे चामड्याच्या तुकड्यांनी भरलेलं फडताळ, आणि दारावर पाटी: 'एककान्या'. बाबांच्या वेळी एक बोका दुकानात येऊन बसायचा. मारामारीत त्याचा एक कान गेला होता. लोक खूण सांगताना म्हणायचे, "त्या एककान्याच्या दुकानात जा," म्हणून बाबांनी तेच नाव पाटीवर लिहिलं आणि शेजारी बोक्याचं चित्र काढलं. बोका गेला, मग बाबाही गेले. बाबांची एक पद्धत तेवढी राहिली होती. हँडल शिवताना ते आतल्या बाजूला, अस्तराच्या आड, चामड्याचा छोटा चौकोनी तुकडा ठेवायचे आणि दोन्ही थरांतून दुहेरी टाका घालायचे. बाहेरून काही दिसत नसे, पण हँडल पुन्हा कधी निघत नसे. ताई तसंच शिवायची. बाकी सगळे दुकानदार वरवर टाके घालून गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसतात, हे तिचं दुसरं ठाम मत.

धाकट्या भावाबद्दल तिचं मत काय होतं ते सांगायलाच नको. ती त्याला 'साहेब' म्हणायची. साहेबांनी आजवर बरेच दिवे लावले होते. मोबाइलची कव्हरं विकून झाली, घरपोच फुलं पोचवून झाली, आणि हल्ली कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द होता: ब्रँड. दुकानात तो उभा राहायचा तोही असा, की जणू कुणीतरी त्याचा फोटो काढतंय.

आता या साहेबाची गरज पडावी असा प्रसंग आला. स्टेशनासमोरच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर एकदा आपल्या ट्रॉलीचं चाक बदलून घ्यायला आला. चाक बघून खूश झाला आणि म्हणाला, "आमच्याकडे तळमजल्यावर बॅग दुरुस्तीचा काऊंटर द्यायचाय. तुमच्यासारखं माणूस हवं. फक्त दुकानाचं नाव रजिस्टर केलेलं पाहिजे, नंतर भानगडी नकोत." ताईने तो काऊंटर जाऊन पाहिला. मोठी काच होती, काचेतून थेट उजेड येत होता. तिच्या दुकानात भरदुपारी दिवा लावावा लागे. काळ्या चामड्यावर काळा दोरा तिला हल्ली बोटांनी चाचपून शिवावा लागत होता, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या काचेखाली बसलो तर आणखी दहा वर्षं हात चालेल, नाहीतर नाही, एवढं तिला कळून चुकलं. आयुष्यात एवढी हाव तिला कशाचीच सुटली नव्हती.

रजिस्टर, ब्रँड असलं साहेबांनाच कळतं, म्हणून दोघं नावं नोंदवून देणाऱ्या वकीलबाईंकडे गेली.

ऑफिसात शिरल्या शिरल्या ताईने वकीलबाईंची खुर्चीला अडकवलेली पर्स हेरली. दिसायला झकपक, पण एका बाजूचा पट्टा टाक्यांतून सुटत आलेला. 'महिनाभरात हातात येईल,' ताई मनात म्हणाली, आणि बाईंच्या हुशारीबद्दल तिचं मत तिथेच बनलं. स्वतःची पर्स सांभाळता येत नाही, ही दुसऱ्याचं नाव काय सांभाळणार!

बाकावर शेजारच्या गल्लीतला किल्लीवाला बसला होता. तोही नाव रजिस्टर करायलाच आलेला. कुलपं आणि किल्ल्या करायचा, अधूनमधून सुटकेसचे लॉकही बसवायचा. अतिशय मंद माणूस. एक गोष्ट तीनदा विचारायचा आणि चौथ्यांदा मान हलवायचा.

"म्हणजे बाई, किल्ली विकणं निराळं?" तो विचारत होता.

"निराळं. वस्तू विकता तेव्हा वस्तूचा वर्ग. कुणाची वस्तू दुरुस्त करून देता, तो सेवेचा वर्ग. सगळ्या धंद्यांचे असे वर्ग पाडलेत, प्रत्येकाला नंबर आहे. ज्या वर्गात नाव नोंदवाल, त्या कामापुरतंच ते नोंदलं जातं."

"म्हणजे निराळं," किल्लीवाला म्हणाला. "आणि मी सुटकेसचं लॉक बसवतो, ते?"

"ती दुरुस्ती. सदतीस नंबर."

"सदतीस," त्याने घोकलं. ताईने भावाकडे बघून नाक मुरडलं. असल्या माणसाला कुलूप कसं उघडता येतं, याचंच तिला नवल वाटायचं.

मग साहेब पुढे सरसावले. टाय नीट केला. "आमचा लाइफस्टाइल ब्रँड आहे," तो म्हणाला.

"म्हणजे करता काय?"

"बॅग्ज. पुढे कपडे. परफ्यूम. घड्याळं. स्वतःची शोरूम." एकेक शब्द तो असा टाकत होता, जसं काही गोदामात माल तयारच आहे. गोदामही नव्हतं, मालही नव्हता. वकीलबाई निमूटपणे आकडे लिहीत गेल्या. अठरा, पंचवीस, तीन, चौदा, पस्तीस. शाळेत एकेका वर्गात दोन-दोन वर्षं काढणारा हा प्राणी, आज एका दमात पाच वर्गांत बसायला निघाला होता. ताईला हसू आवरेना.

"आणि दुरुस्ती?" वकीलबाईंनी विचारलं. "मघाशी ऐकलंत ना, सदतीस. तुमचं दुकान दुरुस्तीचंच आहे ना?"

साहेबांचा चेहरा पडला. "ते नको. ब्रँडवर दुरुस्ती लिहिलेलं बरं दिसत नाही. लोकांना वाटेल, आमच्या बॅगा तुटतात."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ताईकडे वळल्या. "ताई, रोज काम तुम्ही करता. तुम्ही सांगा. सदतीस घालू?"

हीच ती वेळ. पण ताईचं लक्ष पर्सच्या सुटत आलेल्या पट्ट्यावर होतं, आणि डोक्यात एकच गोष्ट पक्की होती: वर्ग वाढला की फी वाढते. म्हणजे ही बाईसुद्धा त्याच माळेतला मणी. साहेबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून पाच वर्ग गळ्यात मारलेच आहेत, आता सहावा माझ्या गळ्यात मारायला बघतेय. एवढी काही मी दूधखुळी नाही.

"बॅगेचा वर्ग घेतलात ना?" ती म्हणाली.

"अठरा. पण तो बॅगा बनवण्याचा, विकण्याचा. दुरुस्ती त्यात येत नाही."

"बॅग ती बॅग. बनवली काय नि शिवली काय. चाळीस वर्षं झाली मला बॅगा शिवून. उगाच नंबर वाढवू नका."

"ताई, नीट विचार करा."

"केला." तिने पेन ओढून घेतलं आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही ठोकली. बाहेर पडताना किल्लीवाला अजून 'सदतीस, सदतीस' पुटपुटत होता. "बघ," ती भावाला म्हणाली, "त्या येड्याला एकच वर्ग झेपला."

नाव रजिस्टर व्हायला वेळ लागला. तेवढ्या वेळात ताईने मनातल्या मनात काचेखालचा काऊंटर लावून टाकला. मशीन डावीकडे, दोऱ्याची रिळं उजवीकडे, बोक्याची पाटी वर. मॅनेजर दोनदा विचारून गेला. तिने दोनदा सांगितलं, "येतंय हो." पाचही वर्गांतली नोंदणी हातात आली तेव्हा साहेब गड जिंकल्यासारखा दुकानभर फिरला. ताईने कागद घडी न घालता पिशवीत ठेवले आणि तडक स्टेशनासमोर गेली.

मॅनेजरने ते वाचले. पुन्हा वाचले.

"यात बॅगा आहेत, कपडे आहेत, अत्तर आहे," तो म्हणाला. "दुरुस्ती कुठाय?"

"बॅगा लिहिल्यात की."

"बॅगा विकणारे आमच्याकडे ढीगभर आहेत, ताई. मला दुरुस्तीचा काऊंटर द्यायचाय. आमचे मालक त्याच नंबरचा कागद मागतात. तो आणा."

वकीलबाई फोनवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. "नवा अर्ज करता येईल," त्या म्हणाल्या. "पहिल्या अर्जात नवा वर्ग घुसवता येत नाही, परत पहिल्यापासून सगळं. तेवढाच वेळ लागेल." मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

ताईने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाला नाव ठेवायला जागा सापडेना. साहेबाला शिव्या घालाव्यात तर त्याने नको म्हटलं होतं ते लाजेपायी. बाई तिच्याकडे वळल्या होत्या, शेवटचा शब्द तिचा होता. तिने तो मस्तीत घालवला होता. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती तशीच स्टुलावर बसून राहिली, आणि गिऱ्हाईक आलं तेव्हा उद्या या म्हणाली.

काऊंटर किल्लीवाल्याला मिळाला. त्याच्याकडे सदतीस होता.

तो स्वतः दुकानात आला, दारातच उभा राहिला. "ताई, मला लॉक येतं. चाक येत नाही. हँडल येत नाही. तुम्ही याल का? पाटी माझीच ठेवावी लागेल, ते म्हणतात. तुमचं नाव तिथं नाही लावता येणार. तिथं नाही. पण बसायला तुम्ही. तुम्ही याल का?" सगळं तीनतीनदा. त्यात उपकाराचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. हातातल्या काळ्या बॅगेवरचा टाका तिला दिसत नव्हता. तिने तोंड मिटलं आणि मान हलवली.

आता ती काचेखाली बसते. डोक्यावर भली मोठी पितळी किल्ली आहे, तिच्याखाली किल्लीवाल्याचं नाव. उजेड मात्र हवा तसा आहे. दोऱ्याचा एकेक पीळ दिसतो. जुन्या दुकानात साहेबांनी शोरूम थाटली. कुठूनतरी स्वस्तात शिवून आणलेल्या बॅगा, प्रत्येकीवर एककान्या बोका, एक डोळा मिटलेला. बाबांच्या बोक्याने कधी डोळा मारला नव्हता.

परवा एक बाई काऊंटरवर आली आणि एक बॅग आपटून ठेवली. हँडल लोंबत होतं. पुढच्या बाजूला बोका डोळा मारत होता.

"नवी कोरी आहे हो," बाई म्हणाली. "एकदा बाजारात नेली आणि हे असं. चित्राला भुलले मी."

ताईने अस्तर उसवून आत बोट घातलं. आत काहीच नव्हतं. ना तुकडा, ना दुहेरी टाका. नुसती वरवरची शिलाई.

"कोण आहे हा एककान्या?" बाईने विचारलं. "शिवता येत नाही तर दुकानं कशाला काढतात ही माणसं?"

ताईने चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघितलं नाही. किल्लीवाला बाजूला लॉक घासत होता, त्याचा हात थांबला. तो ताईकडे बघायला लागला.

"माहीत नाही," ताई म्हणाली. "संध्याकाळी न्या."

बाई गेल्यावर तिने काऊंटरच्या खणातून चामड्याचा एक तुकडा काढला, चौकोनी कापला, अस्तराच्या आड बसवला आणि दुहेरी टाका घालायला घेतला.