जिवंतच बघायची जात

"मासळी!" हाताखालच्या मोरिवाकीने सरोवराच्या कोमट केलेल्या पाण्याची बाटली नाकापासून दूर केली. "निशिदेबाई, स्पष्ट मासळीचा वास येतोय."

"सकाळी सुकी मासळी चेपून आला असशील," सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता सावाए निशिदे म्हणाली. "इथे सुटे दाणे आहेत. गोळा एकही नाही."

"नुसता भात खाल्लाय हो. वास घ्यायच्या आधी मी कॉफीलाही शिवत नाही."

बिवा सरोवराकाठच्या त्या जलशुद्धीकरण केंद्रात सावाएच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. वसंतात सरोवरात युरोग्लेना नावाची सूक्ष्म शेवाळाची जात माजते. तिची एकेक पेशी म्हणजे स्वतंत्र जीव, पण शेकडो जणी मिळून सोनेरी गोळा करून राहतात आणि अख्खा गोळा पाण्यात गडगडत फिरतो. गोळे वाढले की नळाच्या पाण्याला मासळीचा वास मारतो आणि गावभर शिव्या पडतात. ते वेळीच ओळखायचं काम सावाएचं. तिने "आहे" म्हटलं की पाण्यात वास शोषणारी कोळशाची भुकटी पडायची. "नाही" म्हटलं की साहेबही गप्प. नवरा गेला, मुलगी ओसाकाला गेली, ही खुर्ची तेवढी राहिली. तिच्यात सावाएचा जीव होता.

आणि हिवाळ्यापासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे, नेमका मधोमध, एक करडा डाग येऊन बसला होता. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं असतं तर खुर्ची गेलीच.

मोरिवाकी जवळ आला आणि काचपट्टीकडे बघून थबकला. "हे पाणी तपकिरी कसं? बाई, तुम्ही आयोडीन टाकलंत?"

युरोग्लेना जिवंतच बघायची, औषध पडलं की गोळा फुटतो आणि पेशींचे दाणे सुटे होतात, हे सावाएनेच त्याला शिकवलं होतं, तेही चारचौघांत झापून. पण फिरता गोळा हल्ली डागामागे जाऊन हरवायचा. म्हणून ती सगळ्यांनाच थेंबभर आयोडीन देऊन जागच्या जागी थांबवत होती. थांबलेलं कडेकडेने दिसायचं तरी. तिला लाज वाटली, त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

ती उठली. "बस इथे."

"मी?"

"नाही, तुझे तीर्थरूप! ताजं पाणी घे. औषध नाही घालायचं."

"बाई, तुमच्या डोळ्यांना काही..."

"झालंय. ते नंतर. आधी बघ."

त्याने नवा थेंब काचेवर घेतला आणि वाकला. "बाप रे! केवढे आहेत!"

"केवढे, हे काय उत्तर झालं? गडगडतायत का?"

"गडगडतायत की! एक डावीकडे निघालाय... हा दुसऱ्यावर आपटला. सोनेरी, अगदी तुम्ही सांगता तसे."

सावाएने डोळे मिटून ऐकलं. तिला ते सगळं लख्ख दिसलं. मग तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"कोळसा सोडा. आत्ताच्या आत्ता."

"सोडतो, बाई. पाहिलं कुणी? तुम्हीच ना?"

"मोरिवाकीने," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "त्याचं नाव घाला."

फोन ठेवून ती उभीच राहिली. त्या खोलीत दुसरी खुर्ची कधी लागलीच नव्हती.