मापाला माणूस

लोक न्यूझीलंडला येऊन समुद्र बघतात, आम्ही दुकानं बघितली. आमच्या ह्यांची, म्हणजे नीलकंठांची, ड्राफ्ट्समनची चाळीस वर्षं नोकरी करूनही नकाशे काढायची हौस फिटली नव्हती. आमचा मुलगा अभिनव ऑकलंडपासून तीन तासांवरच्या एका खेड्यात काउन्सिलमध्ये आहे, जुन्या इमारतींचं काम बघतो. त्या गावाच्या मुख्य रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वीची लाकडी दुकानं ओळीनं उभी आहेत. पुढून दुमजली रुबाब, मागे जाऊन बघावं तर बैठी खोली. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं, सगळी हातानं कागदावर उतरवायची.

आणि मापाला मी. "माणसाशिवाय इमारत केवढी ते कळत नाही, मंदा," हे म्हणायचे. मी बरोबर पाच फूट. मग प्रत्येक दाराशी मला उभं करायचं आणि समोर घडीची खुर्ची टाकून रेघा ओढत बसायचं. जुलैची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याची थंडी, साडीवर अभिनवचं जाकीट, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता. पार बुजगावणं केलं होतं माझं. जरा हललं की ओरडा बसायचा. मग कधीतरी पेन्सिल कानावर खोचून म्हणायचे, "हं, हल आता." तेवढं ऐकायला कान टवकारून उभी असायचे मी.

अशी तेरा झाली. चौदावी होती हॉटेलच्या मागची लोहाराची शेड. त्या दिवशी माझे गुडघे ठणकत होते, आणि खोटं कशाला बोलू, वैतागही आला होता. "मी काय विजेचा खांब आहे?" म्हटलं. "नाही येत जा. तुमचं माप तुम्ही घ्या."

ह्यांनी घडीची खुर्ची काखेत मारली. एकटे गेले, संध्याकाळी कागद गुंडाळून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत.

ती गुंडाळी अभिनवनं न सोडताच कपाटावर ठेवली. मी तिला हात लावला नाही. धीरच झाला नाही.

यंदा काउन्सिलनं मुख्य रस्ता जतन करायचा ठरवला. ह्यांची चित्रंही दप्तरी घेणार, आणि एक संच लायब्ररीत लावणार. पण लोहाराची शेड जतनाच्या हद्दीबाहेर राहिली. अभिनव जीव तोडून भांडला, उपयोग झाला नाही. मालकानं ती विकून टाकली. इथे लाकडी इमारत पाडत नाहीत, सरळ उचलून ट्रकवर ठेवतात आणि घेऊन जातात.

"शुक्रवारी जाणार," अभिनव जेवताना म्हणाला. "आई, तू त्या दिवशी गेली नव्हतीस, म्हणजे त्या एका चित्रात माप नसणार. मी लेझरनं घेतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"लेझर नको," मी म्हटलं. "मी उभी राहते."

"आई, अगं थंडी किती आहे."

"तेव्हाही होती."

शुक्रवारी पोचलो तर उशीर झालेला. शेड जॅकवर चढवलेली, खाली जाडजूड तुळया, ट्रक मागे घेऊन लावलेला. ज्या उंबऱ्याशी मी उभं राहायचं होतं, तो माझ्या छातीपर्यंत आला होता. जमिनीवर उभं राहून काय माप देणार, कपाळ? मी मटकन तिथल्या फळ्यांवर बसले. एका दिवसाचं तर काम होतं, आणि तेवढंही मी केलं नव्हतं. रडू आलं, आवरलं नाही.

अभिनव मुकादमाशी जाऊन बोलला. दांडगा माओरी माणूस, केस पांढरे झालेले. तो माझ्याकडे बघत सगळं ऐकून घेत होता. मग त्यानं ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला लावलं, शिडी आणली आणि स्वतः खालून धरून उभा राहिला. "टेक युअर टाइम, आंटी," म्हणाला. बहात्तराव्या वर्षी साडी खोचून मी शिडी चढले आणि त्या अधांतरी दारात उभी राहिले.

अभिनवनं गुंडाळी सोडली आणि कागदाकडे बघतच राहिला.

"काय रे?"

"बाबांनी तुझी जागा सोडलीय. दाराशी पुसट फुली आहे." तो कागदावर आणखी वाकला. "शेजारी लिहिलंय, 'येथे मंदा. उद्या.'"

म्हणजे रागावले नव्हते. मी येणार हे धरूनच चालले होते. अख्खं वर्ष मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि कपाटावर हे पडून होतं.

"काढ," मी म्हटलं. "नीट काढ. घाई करू नकोस, ते करायचे नाहीत."

अभिनवला चित्रं येत नाहीत. जीभ दातांत धरून तो खोडत होता, परत काढत होता. ट्रकवाले बिचारे टोप्या हातात घेऊन उभे होते. वाऱ्यानं माझी बोटं बधिर झाली. शेवटी त्यानं पेन्सिल खिशात टाकली.

"झालं, आई. उतर आता."

मला ऐकू आलं होतं. पण झालं की हे काय म्हणायचे, ते त्याला कुठं ठाऊक होतं? मी तशीच उभी राहिले.