टाचणीचा अर्ज आणि टेबलावरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. भिंतीतून ज्याला वायर येते आणि ज्याचा रिसीव्हर उचलून कानाला लावावा लागतो, तसला. मुळात मी पांढरा होतो. आता चहाच्या कपाच्या आतल्या अंगासारखा झालो आहे. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. मी वाजलो की नवा माणूस दचकतो आणि जुना माणूस चरफडतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. बटणं बसवून झाल्यावर एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या तोंडाशी तोंड आणून विचारलं, "हॅलो, ऐकू येतंय का?" मला येत होतं. तेव्हा मला वाटायचं, आपण एखाद्या मंत्र्याच्या टेबलावर जाणार. प्रत्यक्षात गेलो एका तळघरात. तिथे मोफत कायदा मदत केंद्र होतं आणि त्याच्या डोक्यावर व्यायामशाळा होती. वर कोणी वजन आपटलं की छताचे पोपडे पडायचे, आणि समोर बसलेला पक्षकार आपली तक्रार अर्धवट टाकून टेबलाखाली शिरायचा.

केंद्र चालवायच्या वकीलबाई. उंच, तुटक बोलणाऱ्या, आणि पर्समध्ये कायम अर्धं सफरचंद बाळगणाऱ्या. त्या दिवसांत माझा थाट काही और होता. वकीलबाई स्वतःच्या रुमालानं मला पुसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे सगळ्यात जास्त काम हा करतो. आणि मध्ये बोलत नाही."

मग एके दिवशी टाचणी आली.

तिचं हे नाव वकीलबाईंनीच ठेवलं. मुलगी शिडशिडीत, आणि प्रश्न विचारून विचारून टोचायची. तिला लॉ कॉलेजात जायचं होतं. साध्या नव्हे, तर गोरगरिबांसाठी वकिली करू इच्छिणाऱ्यांना जिथे खास जागा राखून ठेवतात, अशा कॉलेजात. तिच्या वडिलांचं फरशांचं दुकान होतं. त्यांनी एक प्रवेश सल्लागार गाठला होता आणि त्यानं सांगितलं होतं, अर्जाला वजन पाहिजे, म्हणून मुलीला कुठेतरी सेवेला लावा. अशी ती आमच्याकडे सेवेला लागली.

पहिल्याच दिवशी तिनं मला मोठ्या ऐटीत उचललं. "हॅलो, मोफत कायदा मदत केंद्र. आपला प्रश्न दिवाणी आहे की फौजदारी?"

पलीकडच्या आजोबांनी क्षणभर विचार केला. "दिवाणखान्यातलाच आहे, बाई. वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय."

तिनं त्यांना कलमं सांगितली. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. आजोबांनी तेवढ्यात एक डुलकी काढली. मला त्यांचं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं. शेवटी वकीलबाईंनी रिसीव्हर काढून घेतला आणि विचारलं, "आजोबा, आत्ता बादली कुठे ठेवलीये?" आजोबा जागे झाले, आणि पुढे सगळं भडाभडा बोलले.

फोन ठेवल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "अगं, माणसाला आधी बोलू दे. कायदा कुठे पळून जात नाही."

टाचणीनं मान हलवली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. कारण रोज त्या सुमारास वडिलांचा फोन यायचा. त्या तळघरात मोबाइल चालत नसे, त्यामुळे त्यांचे सगळे निरोप माझ्याच पोटातून जायचे.

"बाळा, आज काय झालं? अर्जात घालता येईल असं?"

"आज पाणी गळत होतं, बाबा."

"त्यात करुणा आहे का? सल्लागार म्हणतो, आपल्या अर्जात करुणा कमी पडतेय. संघर्ष तर नाहीच. मी म्हटलं, ती सकाळी उठताना करते तेवढाच. तो म्हणतो, घरात काही दुःख असेल तर बघा. आता दुःख कुठून आणू? तुझी आजी आहे, पण ती कालच पोहून आली."

मित्रांनो, मी बरीच रडणी ऐकली आहेत. पण घरात दुःख नाही म्हणून हळहळणारा माणूस मी तेवढा एकच ऐकला.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी शिवणकाकूंचा फोन आला.

शिवणकाकूंचं बाजारात छोटं दुकान होतं. कपडे शिवायच्या, सैल करायच्या, घट्ट करायच्या. जागेच्या मालकाला ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यायची होती. काकू जेवायला घरी गेल्या, तेवढ्यात त्यानं दुकानाला आपलं कुलूप ठोकलं. ना नोटीस, ना कोर्टाचा आदेश. मशिनी आत, कापड आत, लोकांचे कपडे आत. काकूंचं पोटच त्या कुलपाच्या आड अडकलं होतं.

टाचणीनं तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता कलमं. पण तेवढ्यात काकूंचा फार बारीक आवाज आला, "माझी कात्रीसुद्धा आत आहे गं." टाचणीनं उघडलेलं तोंड मिटलं. काकू बोलत राहिल्या आणि ती ऐकत राहिली. एकदा वर वजन आपटलं, तिच्या केसांत पोपडे पडले, तरी ती हलली नाही.

त्या दिवशी वडिलांचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, नंतर बोलते. काम आहे." आणि चक्क ठेवून दिला.

काकूंच्या दुकानात गावातल्या बँडच्या पँटीही अडकल्या होत्या. बँडचे दिवस बरे चालले होते, त्यामुळे वादकांची पोटं सुटली होती आणि सगळ्यांच्या पँटी कमरेत सैल करायला दिल्या होत्या. वकीलबाई म्हणाल्या, या लोकांचे जबाब घे, म्हणजे दुकान चालू होतं आणि आत गिऱ्हाइकांचा माल आहे हे कोर्टाला दिसेल. टाचणीनं एकेकाला बसवून सगळं टिपून घेतलं. वकीलबाई कोर्टात उभ्या राहिल्या आणि मनाई हुकूम घेऊन आल्या. निकाल लागेपर्यंत मालकानं दुकानातली सुईसुद्धा हलवायची नाही, असा.

दुसऱ्याच दिवशी टाचणीची मुलाखत होती. कॉलेज दूरच्या गावी, म्हणून मुलाखत फोनवर. सल्लागारानं बजावलं होतं की आवाज स्वच्छ पाहिजे, तेव्हा जुना वायरचा फोनच बरा. म्हणजे मी! वकीलबाई कोर्टात गेल्या होत्या. बाहेरच्या बाकावर बँडची मंडळी बसली होती. राहिलेल्या सह्या करून त्यांना तसंच तालमीला जायचं होतं, म्हणून वाद्यं बरोबर होती. वर सोनेरी बटणांचे कोट, खाली ज्याच्या त्याच्या घरच्या पँटी.

पलीकडे एक प्राध्यापिका होत्या. कोरडा, नेमका आवाज. "लोकहितासाठी काम करायचं असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करणार?"

टाचणीनं पाठ केलेलं उत्तर सुरू केलं. "समाजातल्या शेवटच्या घटकापर्यंत..."

तेवढ्यात माझ्यात टुक टुक वाजलं. दुसरा फोन येत होता. टाचणी अडखळली. परत टुक टुक.

"एक मिनिट हं, मॅडम," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

शिवणकाकू होत्या. "अगं, त्यानं ट्रक आणलाय! माझ्या मशिनी बाहेर काढतोय!"

टाचणीनं काकूंना सांगितलं, मी निघाले, तुम्ही फक्त दारात उभ्या राहा. मग तिनं पुन्हा बटण दाबलं. "मॅडम, मला जावं लागेल. फोन ठेवू नका, आलेच." मनाई हुकमाची प्रत उचलून ती धावली. तिच्यामागे अख्खा बँड धावला. रिसीव्हर टेबलावर तसाच आडवा पडून राहिला.

"हॅलो?" प्राध्यापिका म्हणाल्या. "हॅलो?"

मला सगळं ऐकू येत होतं, पण मी बोलणार काय! आमच्या जातीचं दुःखच ते. आम्ही सगळ्यांचं बोलणं पोचवतो, आमचं कोणी पोचवत नाही.

शेवटी बाहेरून कोणीतरी लंगडत आलं आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो? आहात का तुम्ही?"

"आहे की."

"कोण बोलतंय?"

"बँडमास्तर. गुडघा धरलाय, म्हणून मागे राहिलो."

"अर्जदार कुठे आहे?"

"ट्रक अडवायला गेली."

"परत कधी येईल?"

"ते ट्रकवर आहे."

प्राध्यापिकांनी काय झालं ते विचारलं. बँडमास्तरांनी सगळं सांगितलं, आपल्या गुडघ्यापासून. मग प्राध्यापिका म्हणाल्या, "या मुलीत तुम्हाला काही दोष दिसतो का?"

"दिसतो तर! टोचते फार. मी म्हटलं, माझी पँट आत आहे. एवढं पुरे ना? तर म्हणे कधी दिली, पावती आहे का, रंग कोणता, कंबर किती. कोर्टाला माझी कंबर काय करायचीय?"

"पँट तुमचीच आहे हे पटवायला," प्राध्यापिका म्हणाल्या.

"असं होय!" बँडमास्तर खूश झाले. "तुम्हाला बरंच कळतं की. तुम्ही भाड्याच्या घरात राहता का? काही अडचण असली तर सांगा, संकोच करू नका. इथे मोफत आहे."

मित्रांनो, त्या बाई हसल्या की खोकल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. पण फोन त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.

तिकडे काय घडलं, ते मी संध्याकाळी वकीलबाईंच्या टेबलावर ऐकलं. टाचणी ट्रकपुढे उभी राहिली आणि हुकूम मोठ्यानं वाचू लागली. मालक तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडू लागला. पोलिसांना तिनं वाटेतच कळवलं होतं, पण कोणी आलं नव्हतं. तेव्हा बँडवाल्यांना सुचेना काय करावं, आणि न सुचल्यावर ते जे करतात तेच त्यांनी केलं. ते वाजवायला लागले. एवढ्या अरुंद गल्लीत ढोल आणि तुताऱ्या! वरच्या मजल्यावरच्या लोकांनी गोंगाटाची तक्रार केली, आणि त्या तक्रारीवर मात्र पोलीस ताबडतोब आले. त्यांनी आधी बँड थांबवला, मग हुकूम वाचला, आणि मग ट्रक रिकामा करायला लावला. पुढे कोर्टानं कुलूपही काढायला लावलं. काकू दुकानात शिरल्या ते आधी कात्री शोधत.

कॉलेजचं पत्र थोड्याच दिवसांत आलं. मुलाखत अर्जदाराऐवजी बँडमास्तरांनी दिल्यामुळे ती धरता येत नाही. नाव प्रतीक्षा यादीत. नवीन निवेदन आणि शिफारस पाठवल्यास पुन्हा विचार होईल.

वडिलांचा आवाज पार बसला होता. सल्लागार मात्र उड्या मारत होता. वडिलांच्या फोनवरून तो टाचणीला म्हणाला, "आता आला संघर्ष! आपण लिहू, तू ट्रकपुढे झोपलीस."

"मी उभी होते."

"झोपलीस जास्त परिणाम करतं. आणि त्या शिवणवाल्या बाईंचं वय जरा वाढवू. नवरा नाही ना त्यांना?"

"आहे. छान स्वयंपाक करतो."

"तो वगळू."

टाचणीनं वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई सफरचंद खात होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "गोष्ट काकूंची आहे. घ्यायची तर मागून घ्यावी."

टाचणीनं काकूंना फोन लावला. हे तुमचं मी लिहू का, असं विचारताना तिचा आवाज मुलाखतीपेक्षा जास्त कापत होता. काकूंनी विचार केला. "लिही. खरं तेवढं लिही. आणि मी रडले ते नको. मशीन फार चांगली चालवते, ते घाल."

मग तिनं निवेदन लिहिलं आणि वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्यात शेवटचा घटक नव्हता. ती ट्रकपुढे उभी राहिली हे एका ओळीत होतं, आणि त्या ओळीत बँडही होता. बाकी सगळं तिला पुढे काय करायचं आहे ते होतं. तिनं लिहिलं की कुलूप लागल्यावर माणसं केंद्रात येतात. पण कुलूप लागायच्या आधी, करारावर सही करताना, त्यांना विचारायला कोणी नसतं. मला दुकानादुकानात जाऊन ते करार वाचून दाखवायचे आहेत, आणि वाचून दाखवायचे तर आधी मला नीट कळायला हवेत, म्हणून शिकायचं आहे.

वकीलबाईंची शिफारस चार ओळींची होती. सल्लागारानं त्यात 'असामान्य' हा शब्द घालायला सांगितला. वकीलबाईंनी घातला नाही. त्यांनी लिहिलं, "ही मुलगी आली तेव्हा हिला ऐकता येत नव्हतं. आता येतं. मी हिला पुन्हा कामावर घेईन. फोनवर मात्र मध्ये कोणाला येऊ देऊ नये."

दुसरी मुलाखतही माझ्यावरच झाली. बँडमास्तरांना त्या दिवशी व्यायामशाळेत नेऊन बसवलं होतं. प्राध्यापिकांनी करारांबद्दल खोदून खोदून विचारलं. दोन प्रश्नांना टाचणी म्हणाली, "हे मला माहीत नाही." माझी वायर थंड पडली. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. इथे शिकाल." आणि तिला प्रवेश मिळाला.

ती गेली. जायच्या दिवशी तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, अगदी बटणांच्या फटींतसुद्धा. मग माझ्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. केंद्राच्या दारात मोबाइल चालू लागला, लोक तिथे उभे राहून बोलू लागले. माझ्या डोक्यावर फायली आल्या, फायलींवर कुंडी आली.

पण वडिलांचा फोन थांबेना. सवयच लागली होती. "पाणी गळणाऱ्या आजोबांचं काय झालं हो?" ते विचारायचे. "आणि ते पोराला शाळेतून काढलं होतं, ते?" एकदा वकीलबाई वैतागल्या. "अहो, एवढी काळजी आहे तर येऊन बसा ना!"

आणि मित्रांनो, ते खरंच आले. दुकान बंद असतं त्या दिवशी ते आता माझ्याशेजारी बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी कुंडी हलवली, फायली उतरवल्या आणि मला शर्टाच्या बाहीनं पुसलं. अजून ते अधूनमधून चुकून "कोणत्या मापाची दाखवू?" असं म्हणतात. पण समोरचा रडायला लागला की घाई करत नाहीत. काल एक बाई रडता रडता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वकील आहात का?"

"नाही हो," ते म्हणाले. "मी फरशा विकतो. पण तुम्ही बोला."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा म्हातारा कोपऱ्यात पडला असेल. त्याला फेकू नका, महिन्यातून एकदा पुसा, आणि त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका. पाणी कानात जातं. तो वाजला तर उचला. उचललात तर पलीकडच्याचं बोलणं होऊ द्या. थांबा, मी वाजतोय.