अर्धपोटी व्याही

अच्युतरावांनी आयुष्यात एकदाच विलायत पाहिली, आणि ती नलिनीबाईंना जन्मभर पुरली. ऐन तारुण्यात कारखान्याने त्यांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला मँचेस्टरला धाडलं होतं. तिथे ह्या शाकाहारी माणसाने काय खाल्लं, तर उकडलेले वाटाणे, उकडलेले बटाटे आणि टोस्टवर ओतलेला गोडसर राजमा. परत आले तेव्हा गालफडं बसली होती, पँट पट्ट्याने आवळून धरावी लागत होती. पण तोंडात कौतुक मावेना. इंग्रज कसा मोजकं खातो, जेवताना चवीची चर्चा करत नाही, टेबलावरच सँडविच खाऊन लगेच कामाला लागतो, म्हणून तर त्याने जगावर राज्य केलं. हे ऐकवून झालं की अच्युतराव आमटीभात ओरपायचे आणि चार वाजेपर्यंत घोरायचे. निवृत्त झाले, भोपाळला कोटऱ्यात घर बांधलं, तरी मँचेस्टर काही सुटलं नाही.

अशा घरात प्राजक्ताचं लग्न जमवायचं होतं. पोरगी एम. पी. नगरच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायची. एकतीस सरून बत्तिसावं लागलेलं. एका स्थळाला तिची नोकरी नको होती, एकाला पत्रिका आडवी आली आणि तिसरा शेवटच्या क्षणी दुसरीकडे गुंतलेला निघाला. नलिनीबाई देवापुढे बसल्या की दुसरं काही मागतच नसत. आणि आता हे हर्षलचं स्थळ आलं होतं. मुलगा भोपाळचाच, मूळचे नागपूरकडचे लोक, फ्रान्समध्ये लियोंला इंजिनियर. महिन्याभराच्या सुट्टीवर आला होता. दोघं दोनतीनदा बाहेर भेटली, आणि प्राजक्ता घरी येऊन म्हणाली, "मुलगा ठीक है, आई. बोलता येतं त्याच्याशी." तिच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच. नलिनीबाईंनी मनातल्या मनात रुखवत मांडायला घेतला.

पण दुधात मिठाचा खडा पडायचा तो पडलाच. त्या खड्याचं नाव सदाशिवराव, मुलाचे वडील. सरकारी अधिकारी, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. मागच्या उन्हाळ्यात ते लेकाकडे दीड महिना जाऊन आले होते. गेले तेव्हा बरे होते. आले ते फ्रेंच होऊन. त्यांच्या बायकोने, सरोजताईंनी, फोनवर हळूच सांगितलं होतं की हल्ली हे कोशिंबीर जेवणाच्या शेवटी खातात आणि सकाळच्या पोह्यांवर शेव टाकलेली बघितली की मान हलवतात.

पहिल्यांदा ती तिघं जेवायला आली, तेव्हा अच्युतरावांनी आदल्या दिवशीच फर्मान काढलं. "हे बघ, आग्रहबिग्रह करायचा नाही. इंग्लंडात पाहुण्याला एकदा विचारतात. नको म्हणाला की नको. जबरदस्तीने वाढणं हा असंस्कृतपणा आहे."

"अहो, ते व्याही आहेत, इंग्रज नाहीत," नलिनीबाई म्हणाल्या.

"शिकलेले लोक आहेत. त्यांना कळतं."

तिथेच घोडं पेंड खाणार होतं. भरली वांगी, मसालेभात, पुऱ्या, कोशिंबीर, घरी चक्का बांधून केलेलं केशराचं श्रीखंड, सगळं टेबलावर मांडलं आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं ठरलं. पाच मिनिटांत दोन्ही बाप्यांची जुंपली. सदाशिवराव म्हणाले, इंग्रजांना जिभाच नसतात. भाजी मरेपर्यंत उकडायची, वर तपकिरी रस्सा ओतायचा आणि खिडकीबाहेर बघत गिळायची. तेच फ्रेंच बघा, अर्धा तास नुसता पाव निवडण्यात घालवतो, दुपारी दोन तास दुकान बंद ठेवून जेवतो. अच्युतराव म्हणाले, म्हणूनच त्यांची दुकानं चालत नाहीत. आणि ते चीज? पायमोज्याचा वास येतो म्हणे. सदाशिवरावांनी तो वास कसा मुरावा लागतो ते समजावलं. एकाने अर्धं वर्ष वाटाण्यांवर काढलेलं, दुसऱ्याने दीड महिना पाव आणि चीजवर, कारण तिथे शाकाहारी माणसाला दुसरं काही मिळत नाही. आणि भांडत होते जणू दोघांच्या आज्या तिथल्याच स्वयंपाकघरात वारल्या. नलिनीबाईंना वाटलं, ह्या दोघांना एका ताटात उकडलेले वाटाणे आणि वासाचं चीज घालावं आणि दाराला बाहेरून कडी लावावी.

एवढ्यात श्रीखंडाचं भांडं फिरलं. सदाशिवरावांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको, पुरे."

आता मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ह्याचा अर्थ कळतो. हात आडवा आला की भांडं पुढे सरकवायचं, समोरच्याने "अहो खरंच नको" म्हणायचं, आपण "एवढ्याने काय होतंय" म्हणायचं, आणि तिसऱ्या वेळी हात बाजूला होतो. अच्युतरावांनी काय करावं? "ऑल राइट" म्हणून भांडं उचललं आणि झाकण लावलं. सदाशिवरावांचा हात हवेतच राहिला. पुऱ्यांचंही तेच झालं. मागून ते फ्रेंच रीतीने कोशिंबीर चघळत बसले, तोवर मसालेभात आत गेला होता. नलिनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरोजताईंचा फोन आला. "नलिनीताई, कसं सांगू. हे काल घरी येऊन दूधपोळी खाऊन झोपले. म्हणतात, उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाहीत अशी माणसं. म्हणतात, जिथे श्रीखंडाला झाकण लावतात तिथे मुलगा द्यायचा नाही."

 इतक्या मुश्किलीने जमत आलेली गोष्ट, आणि ती फिसकटणार कशावरून, तर एका मूर्खाने इंग्रज व्हायचं ठरवलं आणि दुसऱ्या मूर्खाचा फ्रेंचपणा श्रीखंड दिसताच गळून पडला म्हणून. नलिनीबाई ठाम आवाजात म्हणाल्या, "सरोजताई, रविवारी पुन्हा या. पुरणपोळी करते. आमच्या ह्यांचं मँचेस्टर मी बघते."

मग त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. अच्युतराव पेपर वाचत होते. "रविवारी तोंडातून इंग्लंड काढलंत," नलिनीबाई म्हणाल्या, "तर जन्मभर वाटाणे उकडून घालीन. आणि ते नको म्हणाले की वाढायचं. हात आडवा धरला तर हातावर वाढायचं." अच्युतराव काहीतरी म्हणणार होते, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

रविवार झकास गेला. तव्यावरून उतरलेली पोळी, वर तुपाची धार, वाटीत कटाची आमटी. अच्युतरावांनी असा काही आग्रह केला की मँचेस्टरने लाजून मान खाली घालावी. "अहो घ्या हो, माझ्या गळ्याची शपथ." सदाशिवराव तीनदा नको म्हणाले आणि चौथ्यांदा खाल्लं, पाचव्यांदा खाल्लं, आणि फ्रेंच माणूस दोन पदार्थांच्या मध्ये थांबतो वगैरे सगळं विसरले. कोशिंबीरही पहिल्या घासाबरोबर गेली. दोघं एकमेकांना व्याही म्हणू लागले. आतून ऐकताना नलिनीबाईंचे डोळे भरून आले. धूर होता, पण नुसत्या धुराने नव्हे.

पोळी गरम हवी, म्हणजे कोणीतरी लाटणार, कोणीतरी भाजणार आणि कोणीतरी नेऊन वाढणार. नलिनीबाई लाटत होत्या, सरोजताई पदर खोचून तव्यापाशी उभ्या राहिल्या होत्या, वाढायला प्राजक्ता. मध्ये एकदा नलिनीबाई म्हणाल्या, "अगं, तू बस ना त्यांच्याबरोबर. जागा आहे टेबलाशी."

बाहेरून सदाशिवरावांनी ऐकलं. "बसतील हो नंतर सगळ्या निवांत."

प्राजक्ता ताट घेऊन उभी होती. तिने हर्षलकडे पाहिलं. हर्षल अच्युतरावांना रंगात येऊन सांगत होता, "काका, आमच्या ऑफिसात दुपारी एकजात सगळे उठतात. कॉम्प्युटर बंद. दीड तास. इंग्लंडच्या ब्रँचमधले लोक येतात ना, ते स्क्रीनसमोर सँडविच खातात, कीबोर्डमध्ये चुरा. आमचे लोक हसतात त्यांना. एकट्याने खाणं म्हणजे काय खाणं है? जेवण म्हणजे एकत्र बसणं. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही." मग त्याने मान मागे करून हाक मारली, "काकू, एक पोळी अजून. तूप जरा जास्त."

बाप्यांची जेवणं झाली. ते हात धुऊन, सुपारी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. टेबल पुसून तिघी बसल्या. उरलेल्या पोळ्या फाटक्या, पुरण बाहेर आलेल्या, गार. आमटी तळाशी गेलेली. हे काही नवीन नव्हतं. नलिनीबाई आयुष्यभर अशाच जेवत आल्या होत्या आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आज तर गार पोळीही गोड लागत होती.

प्राजक्ताने पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात हर्षल दारात आला. "कॉफी मिळेल? तिकडे जेवणावर लगेच घेतात. सवय हो गई है."

प्राजक्ता म्हणाली, "आम्ही जेवतोय."

"हो, हो. सावकाश," हर्षल हसून म्हणाला. अगदी गोड हसला. "नुसती गॅसवर चढवून दिली तरी चालेल. उकळेपर्यंत जेवून होईल तुमचं."

आणि सरोजताई उठल्या. उजवा खरकटा हात अंगापासून दूर धरून, डाव्या हाताने त्यांनी पातेलं काढलं, दूध ओतलं, गॅस पेटवला. मुलाने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. पातेलं चढलं एवढं त्याने पाहिलं आणि तो बाहेर गेला. सरोजताई कॉफी उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या ताटातली पोळी अर्धी तशीच होती.

नलिनीबाईंनी मुलीकडे पाहिलं. प्राजक्ता सरोजताईंच्या पाठीकडे बघत होती. तिने घास खाली ठेवला होता.

संध्याकाळी सदाशिवरावांचा फोन आला. स्थळ पसंत आहे, पुढच्या रविवारी साखरपुडा उरकून टाकू. अच्युतराव फोन ठेवून टाळ्या पिटायचेच बाकी होते. प्राजक्ता तिच्या खोलीतून बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आई, मला नाही करायचं."

नलिनीबाईंनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना रडू आलं. हे पोरीचं हसतं घर हातातोंडाशी आलं होतं. पुन्हा पत्रिका, पुन्हा फोटो, पुन्हा लोकांचं "अजून नाही?" दात विचकणारा असता, पिणारा असता तर मन घट्ट करणं सोपं गेलं असतं. हा चांगला मुलगा होता. सगळे म्हणाले असते, चांगला मुलगा आहे. फ्रान्समध्ये सहा वर्षं जेवून त्याने इंग्रजाला हसायला तेवढं शिकून घेतलं होतं. त्याचा सगळा फ्रेंचपणा आपल्या ताटापुरता. नलिनीबाईंना त्याचा राग आला, मग अच्युतरावांचा आला, आणि शेवटी सगळ्यांत जास्त स्वतःचा, की आज गार पोळी गोड कशी लागली.

"अगं पण कारण काय सांगू त्यांना?" अच्युतराव हतबुद्ध होऊन म्हणाले. "जेवणावरून? इतकं छान जेवले सगळे."

"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

नलिनीबाईंनी सरोजताईंना फोन लावला. आडवळणाने बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "सरोजताई, आमच्याकडून नाही म्हणतेय. मुलगा गुणी आहे. पण दुपारी तुम्ही कॉफीला उठलात ना, ते प्राजक्ताने पाहिलं."

 नलिनीबाईंना वाटलं, आता शिव्या बसणार.

"मला बघायला आले होते," सरोजताई म्हणाल्या, "तेव्हा ह्यांच्या आईसुद्धा अशाच उठल्या होत्या. माझ्या आईने पाहिलं होतं. मला म्हणाली, बघ, किती सोशीक सासू मिळतेय."

मग त्या म्हणाल्या, "ह्यांना मी काहीतरी सांगते," आणि फोन ठेवला.